आपोआप काही होत नाही
(जिल्हा बैठकीसाठी)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, "कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीबद्दल आपण कधी बोलणार?" मंचावरून उत्तर आले, "आधी कापसाला भाव मिळू द्या. मजुरी आपोआप वाढेल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परतताना एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मला सहज विचारले, "भाऊ, ज्या साली भाव चांगला लागला त्या साली तुम्ही वेचणीचा दर किती वाढवला?" मला आकडा सांगता आला नाही. कारण वाढवलाच नव्हता.

तेव्हापासून 'आपोआप' हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. याच शब्दाशी जन्मभर झगडलेल्या एका माणसाची हकिकत सांगतो. माणूस कोकणातला, आजच्या रायगड जिल्ह्यातला. पऱ्हाटी आणि ज्वारीशी त्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पुढे वाचा, संबंध निघतो.

रामचंद्र बाबाजी मोरे. चळवळीत कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३, महाडजवळचे लाडवली गाव. बालपण सावित्रीच्या खाडीवरच्या दासगावात. दासगाव हे त्या काळी बंदर होते, मुंबईची वाट पाण्यावरून जायची. याच गावात गोपाळबाबा वलंगकर नावाचे पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत आणि बोलत होते. तेव्हा महाराष्ट्रात फार कोणी बोलत नव्हते. मोरेंच्या कानावर लहानपणापासून ते पडलेले.

अकरा वर्षांचा हा मुलगा अलिबागला परीक्षा देऊन सरकारी शिष्यवृत्ती मिळवून आला आणि महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला घेतले नाही. जात महार. पोराने वर्तमानपत्राकडे तक्रार लिहून पाठवली, गाजावाजा झाला, मग शाळेने घेतले. बसायला जागा मात्र वेगळी. शिष्यवृत्ती सरकारची, शाळेला अनुदानही सरकारचे, नियम सगळे बाजूने. तरी पोर आपोआप वर्गात गेले नाही.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर सगळे झाले. आणि तीन वर्षे एकाही माणसाने त्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेतले नाही. घेण्याची छाती कोणाची होती? आपल्याकडचे हमीभावाचे कागद आठवा, म्हणजे हे लगेच कळेल. भाव जाहीर होतो, खरेदी केंद्र उघडत नाही. उघडले तर बारदाना नसतो.

ठराव कागदावरून तळ्यावर नेण्यासाठी जे लोक गावोगाव हिंडले, बाबासाहेबांकडे खेटे घालत राहिले, त्यांत मोरे आघाडीवर. तेव्हा वय चोविशीचे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्या कोरडवाहू माणसाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्या परिषदेत आहे. भरल्या तळ्याच्या गावात आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी विकत घ्यावे लागले. ४० रुपयांचे. सन १९२७ चे ४० रुपये! टँकरच्या पाण्याचे पैसे मोजणाऱ्याला त्या रकमेचा चटका वेगळा सांगायला नको. फरक एवढाच, आपल्या गावात पाणी नसते म्हणून आपण विकत घेतो. त्यांच्यासमोर ते भरलेले होते.

२० मार्चला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. काही तासांत, आता हे देवळात शिरणार अशी हूल उठवून त्यांच्यावर लाठ्या पडल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. कज्जा कोर्टात गेला, तो दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. कायदा १९२३ चा, पाणी १९३७ ला. मधली चौदा वर्षे माणसांनी भरली.

आता कापसाकडे या.

मोरे मुंबईच्या कामगारांत गेले. १९२८ चा गिरण्यांचा मोठा संप सहा महिने चालला. तुमच्या आज्या-पणज्याने खानदेशात आणि वऱ्हाडात पिकवलेली रुई त्या गिरण्यांत जायची. सूत कातायचे खाते वेगळे, कापड विणायचे वेगळे. विणकामाला पगार जास्त. त्या खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. मालकाने मनाई केली होती काय? नव्हे. धोट्यात कांडी घातली की धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला जायचा. म्हणून सवर्ण कामगारच म्हणत, महाराला साच्यावर घेऊ नका. एका झेंड्याखाली संप करणारे, मालकाला शिव्या देणारे, हेच कामगार. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत घाला. पुढाऱ्यांनी कुरकुरत घातली. त्यावर मालक हसून म्हणाले, हा अन्याय असेल तर आमचा नाही.

मालक खोटे बोलत नव्हते, हे त्यातले सगळ्यात वाईट. तुमच्या शेतात पिकलेल्या बोंडाचा धागा ज्या धोट्यातून गेला, त्यावर कोणाचे तोंड लागावे हे जातीने ठरवले होते.

हे सगळे डोळ्यांदेखत असूनही मोरे १९३० ला कम्युनिस्ट पक्षात गेले. घरचे, जातीचे लोक बोट दाखवू लागले, बाबासाहेबांना सोडले म्हणून. त्यांनी बाबासाहेबांबद्दलचा आदर सोडला नाही आणि लाल झेंडाही सोडला नाही. पक्षातले विद्वान म्हणत, भांडवलशाही जाऊ द्या, जात आपोआप जाईल. मोरेंनी १९५३ साली पक्षाच्या वरिष्ठांना लेखी टिपण दिले. आशय असा की अस्पृश्यतेचा आणि जातीचा प्रश्न वेगळा हातात घ्यावा लागेल, पगारवाढीच्या शेपटीला बांधून तो सुटणार नाही. पुढेही ते हेच सांगत राहिले. पक्षाने त्याला द्यायला हवे होते तेवढे वजन दिले नाही, असे माझे मत आहे. मोरे रुसून घरी बसले नाहीत. पक्ष फुटल्यावर १९६५ ला वयाच्या बासष्टीत त्यांनी मार्क्सवादी पक्षाचे 'जीवनमार्ग' साप्ताहिक उभे केले. १९७२ साली ते गेले. आत्मचरित्र अर्धेच राहिले होते. मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, पुढचे आयुष्य लिहून काढले.

काही भाऊ म्हणतील, लाल झेंड्यावाल्यांचे गोडवे आपल्या पत्रकात कशाला? कामगार पुढाऱ्यांनी कापसाच्या भावासाठी कधी काय केले? प्रश्न बरोबर आहे. उत्तर आहे, फारसे काही नाही. स्वस्त धान्य आणि स्वस्त कापूस यावर शहरातल्या कोणत्याच झेंड्याने फारशी हरकत घेतली नाही. आणि १९८२ च्या संपानंतर तोच गिरणी कामगार गावाकडे कोकणात, घाटावर परतला, तेव्हा आपणही त्याच्या दारात गेलो नाही. हिशेब दोन्हीकडून बाकी आहे.

पण त्याच किनाऱ्यावर हिशेब जुळल्याचेही उदाहरण आहे. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोतांविरुद्ध संप केला. १९३३ ते १९३९, सहा वर्षे त्यांनी खोताची शेते लावली नाहीत. दुष्काळात आपण एक हंगाम रान पडीक टाकतो तर झोप उडते, त्यांनी पिकणारे रान सहा वर्षे हाताने पडीक ठेवले. खोती रद्द करण्याचे बिल बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ ला मांडले. जानेवारी १९३८ ला कोकणातली हजारो कुळे मुंबईत कौन्सिलवर चालून गेली. त्या मोर्चात आगरी होता, कुणबी होता, महार होता, आणि बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिकही होते. कोणी कोणाला म्हटले नाही की आधी माझे होऊ दे, तुझे आपोआप होईल. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडले, हेही खरे.

"मजुरीचा विषय काढला की फूट पडते," हा आपल्याकडचा पेटंट मुद्दा. फूट विषय काढल्याने पडत नाही, ती पडलेलीच असते. दोन वर्षांपूर्वी एका गावात आपलीच बैठक होती. मंडपात सतरंज्या, आणि वेचणीच्या बाया मंडपाबाहेर लिंबाखाली. पाण्याचे माठ दोन. कोणी सांगितले नव्हते, तरी कोणत्या माठावर कोणी जायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. मी मंडपातल्या माठाचे पाणी प्यालो आणि घामाच्या दामावर पाऊण तास बोललो.

वेचणारी बाई सकाळी ओल्या पऱ्हाटीत शिरते, बोंडाच्या काट्यांनी बोटे सोलून घेते, आणि तिचा घाम किलोवर मोजला जातो. काट्यावर वजन करणारे आपण. व्यापारी आपल्या कापसात कट्टी धरतो तेव्हा आपण बोंबलतो. आपण तिच्या वजनात काय धरतो, हे ज्याने त्याने आपल्या काट्याला विचारावे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. कापसाचा जो भाव आपण मागू, त्या मागणीतच वेचणीचा दर लिहिलेला असेल, भाव वाढला तर तो त्याच प्रमाणात वाढेल, आणि ही अट पहिल्यांदा आपण आपल्या शेतात पाळू. प्रत्येक तालुका समितीत मजुरांतल्या दोघी असतील. आणि जिथे दोन माठ असतील तिथे बैठक भरणार नाही.

ठराव लिहून तयार आहे. सूचक म्हणून माझी सही केली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.