पानावरचा थेंब वाळतो, पण औषध कुठे बसते?

ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब वाळला, की मध्ये फिकट आणि कडेला गडद असा डाग उरतो. चहाचे कण तर थेंबात सगळीकडे सारखेच होते. मग ते कडेला कसे गेले?

कॉफीच्या डागाबाबत याचे उत्तर १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दिले. थेंबाची कडा पृष्ठभागाला धरून राहते. तिथे वाफेला निसटायला जागा मोकळी, म्हणून पाणी सर्वांत वेगाने तिथूनच उडते. ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे वाहते, सोबत कणही जातात आणि तिथेच अडकतात.

यात उष्णतेचाही हात आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साध्या हवामानात सुमारे ५८० कॅलरी लागतात. तेवढेच पाणी एक अंशाने तापवायला फक्त एक. ही उष्णता मुख्यतः खालून येते. पृष्ठभाग उष्णता चटकन पुरवणारा असेल तर कडा उबदार राहते आणि थेंबाचा माथा गार पडतो. गार द्रवाचा पृष्ठताण जास्त, त्यामुळे तो कडेचा द्रव वर ओढतो आणि थेंबात चक्राकार 'मारांगोनी प्रवाह' सुरू होतो. ऑक्टेनच्या थेंबात याच प्रवाहामुळे कण मध्यभागी जमतात, हे हुआ हू आणि रोनाल्ड लार्सन यांनी २००६ मध्ये दाखवले. पाण्यात मात्र तो क्षीण असतो. पृष्ठभागावरची किंचित अशुद्धताही त्याला दाबून टाकते.

हा प्रश्न द्राक्षबागेत पैशांचा होतो. मँकोझेबची भुकटी पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगते. हे स्पर्शजन्य बुरशीनाशक. जिथे बसेल तिथेच रक्षण करणार. थेंब चहासारखा वाळला, तर औषध कडेला दाट आणि मध्ये विरळ. मात्रा वाढवली तरी मधला भाग दुबळाच राहू शकतो. आंतरप्रवाही औषधाची अडचण वेगळी: भर दुपारी थेंब लगेच वाळला, तर पानात शोषले जायला वेळच कमी मिळतो.

तरीही फवारणीची चर्चा 'लिटरला किती ग्रॅम' यावरच संपते. थेंबाचा आकार, फवारणीची वेळ आणि स्टिकर यांना सल्ल्यात तितकेच वजन हवे. स्टिकर थेंब पसरवतो, थर पातळ करतो; पण कडेची रेघ पुसेलच असे नाही. पाण्याने पिवळ्याचा निळा होणारा चाचणी कागद थेंब कुठे पडले ते सांगतो. औषध कसे वाळले हे बघायला पानच भिंगाखाली धरावे लागते.