नक्षी तुमची, माग आमचा

दिवाळी अंकासाठी लेखकाने कथा द्यावी, फार तर एखादा ललित लेख द्यावा, असा संकेत आहे. संपादकांनीही माझ्याकडे कथाच मागितली होती. मी तक्रार पाठवीत आहे. ही तक्रार संगणकावरच्या खेळाविषयी आहे असे वाचून काही वाचक पान उलटतील. कादंबऱ्या लिहिणाऱ्या, शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या आणि स्वतः मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असेही कोणी विचारील. मी पडलो नाही; पाडला गेलो. आणि पडल्यावर जे दिसले ते पाहून गप्प बसणे मला जमत नाही.

माझा मुलगा तेव्हा दहावीत होता. घरी पुण्याच्या एका कचेरीतून बाद झालेला, जुन्या बाजारातून आणलेला संगणक. त्यावर हा मुलगा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा खेळ खेळे. मेक्सिकोतल्या एका मंडळीने तो २०११ साली लोकांपुढे आणला आणि २०१५ साली पूर्ण केला. खेळ असा की आपणच टाक्या, इंजिने, पंख जोडून यान बांधायचे आणि आकाशात सोडायचे. बांधणीत चूक झाली की यान कोसळते. मीही प्रथम सगळ्या बापांप्रमाणे ओरडलो. मग एके दिवशी तो म्हणाला, “अप्पा, चंद्राकडं जायचं तर चंद्राकडं तोंड करून जायचं नसतंय. तो पुढं जिथं येणार असतो तिथं आपण पोचायचं असतंय.” आणखी एकदा म्हणाला, “त्याच कक्षेत पुढं चाललेल्या यानाला गाठायचं असलं तर आधी वेग कमी करावा लागतोय. वेग कमी केला की आपण खाली उतरतो, आणि खालचा फेरा लवकर पुरा होतो.” केप्लर आणि न्यूटन यांनी जे सांगितले ते माझ्या पोराला हाताने कळले होते. त्या दिवसापासून मी ओरडणे सोडले. खेळ म्हणजे वेळेचा नाश, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुढे मुलाला एक नवा, अधिक मोठा अंतराळाचा खेळ हवा झाला. त्याचे नाव मी घेत नाही. माझे भांडण एका दुकानाशी नसून एका वृत्तीशी आहे. खेळ आला आणि आमच्या यंत्रावर तो बैलगाडीसारखा चालू लागला. यान वळविण्यास कळ दाबावी आणि यानाने ऊठबस करून अर्ध्या मिनिटाने वळावे, असा प्रकार. मुलाला घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने यंत्र उघडून पाहिले नाही, दोन प्रश्नही विचारले नाहीत. म्हणाला, “गुरुजी, ग्राफिक्स कार्ड बदला. बाकी कशाला हात लावायची गरज नाही.” कार्ड ३२,००० रुपयांना पडले, त्यात अठरा टक्के वस्तू व सेवा कर आलाच. घरी आल्यावर कळले की त्या कार्डाला पुरेल एवढी वीज देणारा डबा आमच्या यंत्रात नाही. तो घेतला, आणखी ४,००० गेले. हे पैसे मंडळींच्या भिशीचे होते. मुलाच्या अकरावीच्या खर्चासाठी ठेवलेले.

कार्ड बसले. खेळ सुरू झाला. यान पूर्वीइतकेच अडखळत होते. फरक एवढाच की अडखळणारे यान आता अधिक चकचकीत दिसत होते. मंडळी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी, जो बोळातल्या एका खोलीत संगणक दुरुस्त करतो, तो घरी आला. त्याने खेळ चालू ठेवून कोणता भाग किती राबतो आहे ते पडद्यावर दाखविले. नवे कार्ड तिसरा हिस्साही राबत नव्हते, आणि प्रोसेसरच्या चार कोअरपैकी एकच शंभर टक्के पेटलेला होता. बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. त्याने मला समजावले ते असे: चित्र रंगविणे हे कार्डाचे काम, पण यानाच्या प्रत्येक सांध्यावर किती ताण आला, ते किती वळले, हे गणित प्रोसेसर करतो. या गणितात पुढची पायरी मागच्या पायरीवर उभी असते, म्हणून ते चौघांत वाटून देणे कठीण जाते. एकटा गडी दमला की चित्रकार ब्रश हातात घेऊन वाट पाहत बसतो. आम्ही ३६,००० रुपये खर्चून चित्रकार बदलला होता, आणि दमलेला गडी तसाच होता.

मग त्याने यंत्राचे झाकण काढले. आमच्या घरामागे चार यंत्रमाग चालतात. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा थर असा बसला होता की तो नमद्यासारखा उचलून काढता आला. उन्हाळ्यात या गावात ४३ अंशांचा पारा, आणि त्यात यंत्राला ही गोधडी! प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. त्या बिचाऱ्याने तेच केले होते. ब्रशने सफाई झाली, पंख्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली, रॅमची आणखी एक पट्टी जोडली, जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली. सगळा खर्च ६,००० रुपयांच्या आत. अडखळणे निम्म्याने कमी झाले.

उरलेल्या निम्म्याचे काय? त्याचा उलगडा पाच महिन्यांनी झाला. खेळ बनविणाऱ्यांनीच सुधारलेली आवृत्ती पाठविली आणि त्याच यंत्रावर तोच खेळ झुळझुळ चालू लागला. आमच्या घरात एक स्क्रूही हलला नव्हता. म्हणजे दोष त्यांच्या लिहिण्यात होता, आणि तो भरून काढण्यासाठी पैसे आमच्या भिशीतून गेले होते.

येथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली पाहिजे. वडील चादरींच्या कारखान्यात नक्षी काढीत. आमच्या सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल जकार्ड मागावर उठतो. आधी नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायची, मग पुठ्ठ्यांना भोके पाडायची; भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथे तो खाली राहतो. जकार्डला हुक ठरलेले असतात. एखादा व्यापारी भलताच पसरट मोर घेऊन आला की वडील तो मोर रात्रभर बसून पुन्हा काढीत. पिसारा आवळीत, दोन पिसांचे एक करीत, पण मोर मोरच राहील असे पाहत. “मागाकडं बघून नक्षी काढावी,” ते म्हणत. “नक्षीसाठी माग बदला म्हणणाऱ्याला नक्षी येत नाही.”

जकार्डचे हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झाले, आणि त्याच्याच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्लस् बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी १८३० नंतरच्या दशकात उचलली. तेव्हा संगणक ही काही परकी वस्तू नव्हे. ती आमच्या मागाची पुतणी आहे. म्हणूनच मागाचा न्याय तिला लावण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

हा न्याय पाळणारे लोक या धंद्यात होते. १९८४ साली केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी ‘एलीट’ नावाचा अंतराळाचा खेळ रचला. ज्या यंत्रासाठी रचला त्याची स्मृती ३२ किलोबाइट; आज भ्रमणध्वनीवर येणारे सुप्रभाताचे एक चित्र याहून मोठे असते. तेवढ्या जागेत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. २,०४८ ग्रहांची यादी तेथे मावणे शक्यच नव्हते. त्यांनी यादी ठेवलीच नाही. गणिताचे एक बी ठेवले, ज्यातून तेच ग्रह, त्याच नावांनी, हवे तेव्हा उगवत. माझ्या वडिलांनी या दोघांना चहा पाजला असता.

कर्बलवाल्यांनीही हेच केले. त्यांच्या खेळातल्या पृथ्वीची त्रिज्या ६०० किलोमीटर ठेवली आहे. खऱ्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे कक्षेत पोचायला वेळ थोडा लागतो, पण चालीरीती खऱ्या आकाशाच्याच राहतात. मोर आवळला, पण मोर राहिला. आणि २०१६ साली त्यांनी खेळाला ६४ बिटांचे रूप दिले, तेव्हा ज्यांच्या यंत्रात स्मृती पडून होती पण खेळाला वापरता येत नव्हती, त्यांना ती फुकटात मोकळी झाली.

आता उलट बाजू पाहा. त्याच खेळाचा दुसरा भाग, निराळ्या मंडळींनी रचलेला, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी अपुऱ्या अवस्थेत विक्रीस आला. किंमत सुमारे ५० डॉलर. त्याबरोबर जाहीर झालेल्या शिफारशीत जे ग्राफिक्स कार्ड सांगितले होते, ते २०२० साली बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ६९९ डॉलर होती. पन्नासाची नक्षी, सातशेचा माग! आणि एवढे करून २०२४ साली काम करणाऱ्यांना घरी पाठविले गेले. खेळ अपुरा राहिला तो राहिलाच. ज्यांनी त्यासाठी माग बदलले त्यांचे माग परत कोण घेणार?

यावर मला उत्तर मिळते ते प्रगतीचे. “गुरुजी, यंत्रे पुढे गेली नाहीत तर विद्या पुढे जाईल कशी?” या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. फिरत्या डिस्कवर आजचा मोठा खेळ चालावा हा हट्ट मी धरणार नाही. आठ गिगाबाइट रॅमला वयोमर्यादा आहे, हेही मान्य. हातमाग गेला आणि यंत्रमाग आला तेव्हा सोलापूर रडत बसले नाही. पण नवे यंत्र नवे काम करण्यासाठी घ्यावे. दुसऱ्याचे अर्धवट काम झाकण्यासाठी घेऊ नये. या दोहोंतला भेद गिऱ्हाइकाला कळू न देणे, यावरच हा बाजार उभा आहे.

आणि खरे अंतराळ काय सांगते? १९७७ साली सुटलेले व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक संदेश पाठवू लागले. त्याच्या एका संगणकातली स्मृतीची एक चकती बिघडली होती. यान २,४०० कोटी किलोमीटर दूर; संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी तितकेच. तेथे कोणता दुकानदार कार्ड बदलायला जाणार? नासाच्या अभियंत्यांनी बिघडलेल्या जागेतली आज्ञावली तुकडे करून उरलेल्या स्मृतीत जागा मिळेल तेथे बसविली, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शहाण्यासारखे बोलू लागले. साडेशेहेचाळीस वर्षांचा माग, आणि नक्षी नव्याने आवळलेली. खरे यान जुन्या यंत्रावर चालविता येते, आणि खोटे यान चालविण्यासाठी मात्र माझ्या घरातली भिशी फोडावी लागते, याला मी प्रगती कशी म्हणू?

माझ्या वर्गात बेचाळीस मुले आहेत. त्यांतल्या अनेकांचे आईबाप यंत्रमागावर किंवा विड्यांवर राबतात. त्यांच्यापैकी कुणाला माझ्या मुलासारखे चंद्राचे गणित हाताने कळायचे असेल, तर त्याच्या वाट्याला येणारे यंत्र हे कचेरीतून बाद झालेलेच असणार. त्या यंत्राकडे न बघता नक्षी काढणारा माणूस या मुलांना आकाशाच्या दारातून परत पाठवितो. त्याला हे ठाऊकही नसते, आणि म्हणूनच ते त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

माझे मागणे फार नाही. खेळ रचणाऱ्यांनी आपल्या कचेरीतल्या सर्वांत जुन्या, सर्वांत गरीब यंत्रावर तो आठवड्यातून एक दिवस स्वतः खेळावा. ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे मोघम शब्द छापण्याऐवजी, अमुक यंत्रावर सेकंदाला इतकी चित्रे दिसतील आणि आधी दमेल तो अमुक भाग, असे स्पष्ट लिहावे. दुकानदाराने विकण्यापूर्वी मोजावे. डॉक्टरही नाडी पाहिल्याशिवाय गोळी देत नाही. आणि आपण गिऱ्हाइकांनी, पाकीट उघडण्याआधी यंत्राचे झाकण उघडावे. धागा कोठे अडला आहे ते पाहावे. नव्वद रुपयांचा ब्रश आधी, बत्तीस हजारांचे कार्ड मागाहून.

ते कार्ड मी परत करायला गेलो होतो. दुकानदाराने निम्मी किंमत देऊ केली आणि वर, “गुरुजी, राहू द्या की, पुढच्या खेळाला लागेलच,” असे म्हणाला. मी कार्ड घेऊन घरी आलो. मुलाच्या अकरावीचे पैसे पतपेढीतून काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.