वहीत न आलेले भाजणे

जालन्याचे नाव लोखंडी सळईमुळे. त्याच जालन्यात २४ ऑगस्ट २०२४ रोजी औद्योगिक वसाहतीतील गजकेसरी स्टीलमध्ये भट्टीचा स्फोट झाला. वितळलेले लोखंड उडून वीसहून अधिक कामगार होरपळले. अशा भट्ट्यांत भंगाराबरोबर ओल किंवा बंद डबा गेला, तरी क्षणात वाफ कोंडून रस उसळतो. म्हणून लहान उसळीचीही नोंद हवी. १९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम ८८ने अठ्ठेचाळीस तास कामाला मुकवणारी इजा कळवणे बंधनकारक केले; पट्टी बांधून दुसऱ्याच दिवशी पाळीवर उभा राहणारा मजूर मात्र त्यातून निसटतो. कंत्राटी असो वा कायम, त्याचे भाजणेही त्याच पाळीत लिहून घेतलेच पाहिजे.