एक ओळ तपासायला या



इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झाली. दोन महायुद्धांमुळे अकरा हंगामांत विजेताच ठरला नाही. ते सोडले तर २०२४-२५ पर्यंत १२६ विजेतेपदं होतात. त्या १२६ वेळा जिंकलेल्या संघाची धुरा कोणाकडे होती, याची यादी आम्ही काही वाचक मिळून मराठी विकिपीडियासाठी तयार करतो आहोत. तक्ता भरून झाला आहे आणि काळजी नेमकी तिथेच आहे. रिकामी जागा दिसली की माणूस विचारतो, भरलेल्या रकान्याला कोणी काही विचारत नाही. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला की ही यादी उघडणारे वाढतील. प्रश्नमंजुषेत, वर्तमानपत्राच्या चौकटीत, मोबाइलवरच्या उत्तरात ती जशीच्या तशी उतरेल. त्याआधी ती तपासून हवी आहे, आणि ते आम्हा चार-पाच जणांच्या आवाक्यातलं काम नाही.

यादीत तपासायचं काय, नावं तर ठरलेलीच आहेत, असं आम्हालाही वाटलं होतं. ॲलेक्स फर्ग्युसन यांची १३ विजेतेपदं कोणीही सांगेल. पण मागे जाऊ लागलो तसे रकाने डळमळू लागले. न्यूकॅसल युनायटेडचंच पाहा. १९०५, १९०७, १९०९ आणि १९२७ अशी चार वेळा लीग जिंकणाऱ्या या क्लबला तेव्हा आजच्या अर्थाने व्यवस्थापक नव्हता. संघ निवडायची ती समिती. फ्रँक वॉट हे क्लबचे सचिव होते. पत्रव्यवहार, प्रवास, करार असा सगळा कारभार ते पाहत. अँडी कनिंगहॅम व्यवस्थापक म्हणून आले ते १९३० साली. मग त्या चार ओळींत वॉट यांचं नाव घालायचं का? आमच्या कच्च्या तक्त्यात ते कोणत्याही खुलाशाशिवाय होतं. माझं मत स्पष्ट आहे: तिथे ‘सचिव, संघनिवड समितीकडे’ असं लिहावं आणि त्याला आधार द्यावा. रकाना भरायचा म्हणून एखाद्याला त्याने न केलेल्या कामाचं श्रेय देऊ नये.

हा घोळ एका क्लबापुरता नाही. ॲस्टन व्हिलाचे जॉर्ज रॅमझी सचिव असताना त्या क्लबाने १८९४ ते १९१० या काळात सहा वेळा लीग जिंकली. सचिवांना धरलं तर ते लिव्हरपूलचे बॉब पेझली आणि मँचेस्टर सिटीचे पेप ग्वार्दिओला यांच्या बरोबरीला बसतात. न धरलं तर त्यांचं नाव यादीतून पूर्ण गळतं. आधी व्याख्या ठरवावी लागते, मोजणी त्यानंतर. ती व्याख्या यादीच्या पहिल्या परिच्छेदात वाचकाला दिसली पाहिजे. आज ती दिसत नाही.

१९३३-३४ची ओळ मला सगळ्यांत जास्त सलते. हडर्सफील्डला १९२४ आणि १९२५ साली, मग आर्सेनलला १९३१ आणि १९३३ साली लीग जिंकून देणारे हर्बर्ट चॅपमन ६ जानेवारी १९३४ रोजी न्यूमोनियाने गेले. हंगाम निम्म्यावर होता. पुढची धुरा जो शॉ यांनी सांभाळली आणि हंगामाअखेर आर्सेनल पुन्हा विजेता झाला. उन्हाळ्यात जॉर्ज ॲलिसन आले. ही ओळ चॅपमन यांच्या खात्यात टाकली तर त्यांची चाराची पाच विजेतेपदं होतात आणि ते मॅट बझ्बींच्या शेजारी जाऊन बसतात. नुसतं शॉ यांचं नाव लिहिलं तर संघ उभा करणारा माणूस पुसला जातो. दोन्ही नावं, दोन्ही तारखांसह लिहावीत, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर वाद घाला, पण पुस्तक हातात घेऊन घाला.

गोव्यातल्या वाचकांना असा पेच परका नाही. मडगावच्या चर्चिल ब्रदर्सनी २०१२-१३ची आय-लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक मारियानो डायस होते आणि तांत्रिक संचालक सुभाष भौमिक. त्या विजयाचं श्रेय आजही दोघांच्या नावे सांगितलं जातं.

मराठीत आणताना आणखी एक अडचण आली, ती मला आधी सुचलीच नव्हती. व्हिलाचे जॉर्ज रॅमझी आणि १९६२ साली इप्सविचला लीग जिंकून देणारे आल्फ रॅमझी यांच्या आडनावांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत तो उरत नाही. आडनावांवरून बेरीज करताना आमच्याकडून दोघांचा एकच माणूस झाला आणि त्याच्या नावावर सात विजेतेपदं लागली. ही चूक आठवडाभर तशीच होती. ‘प्रशिक्षक’ या शब्दाचंही तसंच. आपली वर्तमानपत्रं सर्रास तो वापरतात, पण १९६८ साली मँचेस्टर सिटी जिंकली तेव्हा व्यवस्थापक जो मर्सर होते आणि प्रशिक्षक माल्कम ॲलिसन. दोन माणसं, दोन कामं. या यादीत ‘व्यवस्थापक’ हाच शब्द राहावा.

बाकी दोष लहान आहेत, पण आहेत. लीगबरोबर एफए कप जिंकलेले हंगाम फक्त रंगाने दाखवले आहेत. पडदावाचकावर ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तो रंग कळणार कसा? तिथे चिन्ह आणि शब्द हवेत. नव्या हंगामाची ओळ जोडली जाते, पण खालची क्लबवार आणि देशवार बेरीज जुनीच राहते. संदर्भांतली काही संकेतस्थळं इंग्रजी विकिपीडियावरूनच उतरवलेली दिसतात. त्यांचा आधार घेणं म्हणजे आपल्याच सावलीला साक्षीला बोलावणं.

म्हणून छापील पुस्तकं हवीत. १९७० पासून निघालेली रॉथमन्सची फुटबॉल वार्षिकं, क्लबांचे इतिहास, व्यवस्थापकांची चरित्रं तुमच्या माळ्यावर असतील. रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडा. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून घेतलेलं फाटकं वार्षिकही चालेल, फक्त साल आणि पान क्रमांक कळवा. कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या मंडळींनो, तालमींच्या सामन्यांचा तपशील वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवणारी माणसं तुमच्यात आहेत. ती नजर या यादीला मिळू द्या. सन्डरलंड, न्यूकॅसल, प्रेस्टन, बर्मिंगहॅमला राहणाऱ्या मराठी माणसांना तर हात जोडून विनंती आहे. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा विभाग असेल तर तिथे जुनी वर्तमानपत्रं मिळण्याचा संभव आहे. १९०५ साली न्यूकॅसलचा संघ निवडणाऱ्या समितीत कोण होतं, हे तिथे तासाभरात सापडू शकेल. आम्हाला इथे बसून ते सापडत नाही.

करायचं इतकंच. एका माणसाने एक ओळ घ्यावी. हंगाम, क्लब, नाव, हुद्दा आणि तारखा पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. चूक आढळली तर यादीच्या चर्चा पानावर पुस्तकाचं नाव, साल आणि पान लिहावं. बरोबर आढळलं तरीही लिहावं, म्हणजे दुसऱ्याची मेहनत वाचेल. संपादन जमत असेल तर स्वतःच दुरुस्त करा. जमत नसेल तर विकिपीडियाच्या चावडीवर मदत मागा, कोणीतरी नक्की दाखवेल.

१८८८-८९ ते १९१४-१५ या सत्तावीस ओळी सर्वांत अवघड आहेत, सुरुवात तिथून करावी. टॉम वॉटसन यांची सन्डरलंडकडची तीन आणि लिव्हरपूलकडची दोन विजेतेपदं मी पाहायला घेतली आहेत. पहिलीच ओळ, २२ सामन्यांत एकदाही न हरलेल्या प्रेस्टन नॉर्थ एंडची आणि विल्यम सडेल यांची, अजून कोणी घेतलेली नाही.