दऱ्या आणि दर्या

"काकू, मारू का फॉरमॅट?"

मराठीत फॉरमॅट कुणी करत नाही, मारतात. दांडी मारावी, शिक्का मारावा, तसा. दुकानातल्या मुलाच्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात वडापाव, आणि मधे माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर पोट उघडं टाकून आडवा पडलेला. "अर्ध्या तासात नवीन ओएस टाकून देतो. आतलं काही लागणार आहे का?"

त्या 'काही'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अण्णांना फोन लावला, स्पीकरवर. अण्णा म्हणाले, "लागणार म्हणजे? त्यात माझं सगळं पाणी आहे."

मुलगा दोन पावलं मागे सरकला. "पाणी गेलंय आत? आधी नाही का सांगायचं!"

कॅबिनेट तसाच रिक्षात घातला आणि घरी आणला. अर्ध्या तासाचं ते काम पुढे तीन आठवडे चाललं.

अण्णा जावळी तालुक्यात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या भागातले झरे, विहिरी, टाकी, पाणवठे यांची टिपणं करायला घेतली. कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, कुठल्या विहिरीला किती पायऱ्या, कुणाच्या आजोबांनी ती खणली. सगळं एका बोटाने टाइप केलेलं, एकशे चाळीस पानं. घरात त्याला 'पाणी' म्हणतात. "अण्णा पाण्यात आहेत" म्हणजे जेवायला हाक मारून उपयोग नाही.

कॉम्प्युटर २०१४ साली असेंबल करून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि वर्षभर फुकट मिळत होतं, तेव्हा ते घेतलं. त्या १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. मुदत संपली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, हे अण्णांना पटवायला एक संध्याकाळ गेली. चालतो, फक्त सुरक्षेतलं नवं भोक सापडलं तर ते आता कुणी बुजवून देत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, किल्ल्या सांभाळणारी सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा चौथ्या पिढीतला. सोयरीक जमत आली आणि गोत्र आडवं आलं, तशी पिढी आडवी आली. वर्षभराची वाढीव मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, घेता आली असती. पण एक वर्ष म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा हाच वडापाव. म्हणून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. ज्यांच्या घरात टॅलीवर दुकानाचे हिशोब चालतात त्यांनी माझ्या वाटेने जाऊ नये, ती लिनक्सवर थेट चालत नाही. अण्णांना टायपिंग, प्रिंट आणि यूट्यूबवरची नाट्यगीतं, एवढंच लागतं.

आधी धूळ. गच्चीवर नेऊन ब्लोअर मारला तर अकरा वर्षांचा राखाडी गालिचा निघाला आणि एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन कवचं. पंख्याची पाती दिसायला लागली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हा उपाय कुठल्या पुस्तकात वाचला नाही, पण आपल्याकडचा प्रत्येक हार्डवेअरवाला तो करतो आणि बहुतेक वेळा तो लागूही पडतो.

मग सेल. मदरबोर्डावर चपटा, रुपयासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. त्याचं नाव म्हणजेच त्याचं माप: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आमचा कधीच मेला होता, त्यामुळे दर वेळी लाइट गेले की कॉम्प्युटर उठून १ जानेवारी २०१४ ला जाऊन बसायचा. वेबसाइटी 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायच्या, कारण त्यांची प्रमाणपत्रं त्या हिशोबाने अजून जन्मालाच यायची होती. अण्णा दोन वर्षं इंटरनेटवाल्याला बोल लावत होते. खरा घोळ त्याहून मोठा होता. 'न्यू', 'न्यू टू', 'न्यू फायनल' आणि 'फायनल खरं' अशा चार फायली, चारींवर तारीख जानेवारी २०१४ ची. शेवटची कुठली? तारखेवरून सांगता येईना. अण्णांनी चारी उघडून दोन-दोन पानं वाचली आणि तिसरीवर बोट ठेवलं. "मेढ्याची विहीर बुजवली ते हिच्यात आहे. म्हणजे ही नंतरची." फाइलीचं वय विहिरीवरून निघालं.

रॅम ८ जीबी केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणली. जुन्या कॉम्प्युटरवर एवढे दोन खर्च करण्याजोगे आहेत, बाकी सगळी हौस. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला भरमसाट वाटतं. पण हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी सुईला त्या रेघेपर्यंत सरकावं लागतं. सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करायचे असतात, म्हणून अण्णा बटण दाबून आंघोळीला जायचे. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आणि नवी डिस्क घेण्याचा मला जास्त आवडलेला फायदा वेगळाच: जुनी डिस्क सरळ काढून कपाटात ठेवता येते. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर कुणाचा बाप फॉरमॅट मारू शकत नाही.

हे सगळं मी मोठ्या शहाणपणाने केलं असं वाटून घेत होते. बॅकअप दोन ठिकाणी घेतला, एक बाहेरच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर. आणि बॅकअप घेतला की तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा, हे कुठेतरी वाचलेलं म्हणून माझ्या लॅपटॉपवर 'न्यू फायनल' उघडली.

पानभर रोमन अक्षरं. मधेमधे डॉलर, कंस, टोप्या घातलेले स्वर. मराठीचा एक काना नाही.

फाइल बिघडली नव्हती. ती पहिल्यापासून अशीच होती. अण्णांनी टायपिंग सुरू केलं तेव्हा मराठी लिहायची ती जुन्या फाँटांत. त्यांची युक्ती अशी की फाइलीत रोमन अक्षरांचेच आकडे साठवायचे आणि त्यांच्या अंगावर देवनागरीचे कपडे चढवायचे. फाँट असेपर्यंत मराठी, फाँट गेला की उघडी रोमन. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या होत्या त्या १९९१ पासून, पण घराघरांत त्या पोचायला पुष्कळ वर्षं गेली, आणि बोटांना लागलेली सवय तर त्याहून चिवट. अशा फायली मराठी घरांत, शाळांत, छापखान्यांत किती असतील! कॉम्प्युटर बदलेपर्यंत पत्ताही लागत नाही.

पुतण्या म्हणाला, "काकू, तो फाँट कॉपी कर, लिनक्सवरही चालेल." बरोबर होतं ते. फाँट कॉपी केलाच, आणि जुन्या मशीनवर, अजून सगळं दिसत होतं तोवर, सगळ्या पानांची पीडीएफही करून घेतली. पण त्याने फक्त कपडे वाचले. त्या मजकुरात 'झरा' शोधला तर सापडणार नाही, व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवली तर समोरच्याला डॉलर दिसतील. मजकूर युनिकोडमध्ये आणायलाच हवा होता.

रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात. एक वापरलं. अर्ध्या मिनिटात एकशे चाळीस पानं मराठीत! हे किती अवघड आहे ते नंतर कळलं. जुन्या फाँटात 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, 'क' नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये 'क' आधी, जसं तोंडाने म्हणतो तसं. रफाराचं त्याच्या उलट. प्रत्येक शब्दात अशी उलथापालथ करावी लागते, आणि ती त्या साधनाने चोख केली होती. मी खूश होऊन प्रिंट काढून अण्णांना दिली.

पहिल्याच पानावर अण्णा थांबले. "डोंगरात समुद्र कुठून आणलास?"

'दऱ्यांतून वाहणारं पाणी' असं त्यांनी लिहिलं होतं. कागदावर होतं 'दर्यांतून'. पुढे बघितलं तर 'खोर्यात', 'पायर्या', 'वार्यावर', 'झर्यांचे'. साधनाला 'र्य' येत होता, 'ऱ्य' येत नव्हता. हिंदीत तो लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो. आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्यांना रांधायला, सगळा फरक त्या एका झुकलेल्या रेघेचा. युनिकोडमध्ये तिच्यासाठी 'र'च्या शेजारचीच जागा आहे, नुक्त्याच्या 'ऱ'ची. ते अक्षर तिथे आहे ते मुळात द्राविडी भाषांतला एक 'र' लिहिता यावा म्हणून. आपण त्याला हलन्त लावून आपला अर्धा 'र' काढतो. बिऱ्हाड शेजाऱ्याच्या ओसरीवर थाटलंय, पण थाटलंय.

"सगळे 'र्य' एकदम बदलून टाकते," मी म्हटलं.

"आणि सूर्याचं काय करशील?"

सूर्य, कार्य, मर्यादा, पर्यंत, आश्चर्य. एकदम बदलायची सोय नव्हती. मग दोन आठवडे रोज संध्याकाळी चहानंतर तेच. मी एकेक 'र्य' शोधायचा, अण्णांनी "बदल" किंवा "राहू दे" म्हणायचं. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. लाल पेन हातात आलं की त्यांचं वय उतरतं. मधेच एखाद्या झऱ्यापाशी थांबून त्याची गोष्ट सांगायचे, आणि ती फाइलीत नसायची. "हे का नाही लिहिलंत, अण्णा?" तर म्हणायचे, "तेव्हा बोट दुखत होतं." मी खाली लिहून घ्यायची. पानं एकशे चाळीसची एकशे बावन्न झाली.

प्रत्यक्ष ओएस टाकायचा रविवार अगदीच अळणी गेला. मिंटची फाइल उतरवली, तिची ६४ अक्षरांची खूणओळ साइटवरच्या ओळीशी जुळवली, पेन ड्राइव्हवर चढवली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघितलं, डिस्कला हात न लावता. जुना प्रिंटर ओळखेल का ही माझी धास्ती, तर त्याने विचारण्याआधीच पान बाहेर टाकलं. वायफाय लागलं, आवाज आला. मग टाकलं. पंचवीसएक मिनिटं. अण्णा नेहमीप्रमाणे बटण दाबून आंघोळीला निघाले होते, त्यांना दारातून परत बोलावलं.

कीबोर्ड आता इनस्क्रिप्टचा लावलाय, कारण तो सगळीकडे सारखाच चालतो. एक्क्याऐंशीव्या वर्षी नवी मांडणी. कळांवर मी देवनागरीचे स्टिकर चिकटवले. अण्णा चष्मा पुसून बसले, एक बोट वर धरून. कुठला शब्द लिहिणार ते मला आधीच कळलं होतं.

'ओ'च्या कळीवर द. 'जे'वर र. 'डी'वर हलन्त, 'स्लॅश'वर य, 'ई'वर काना. पडद्यावर आलं: दर्या.

"शिफ्ट धरायचं, अण्णा. 'जे'च्या वेळी."

"कळलं," म्हणाले, आणि समुद्र एकेक अक्षर मागे पुसत गेले.