खोटी हजेरी बंद करा, खरं काम मोजा

शिरोळ तालुक्यात नोकरी करत बी.कॉम. करणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांसाठी



आपल्याकडच्या कॉमर्सच्या हजेरीपटावर जी नावं दुपारी बारा वाजता 'हजर' दिसतात, त्यातली बरीच माणसं त्या वेळी भलतीकडेच असतात. कुणी इचलकरंजीत सीए ऑफिसात जीएसटीची बिलं टॅलीत चढवत असतं, कुणी जयसिंगपुरात पतसंस्थेच्या काउंटरमागे पिग्मीचा हिशोब जुळवत असतं, कुणी कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊसबिलांच्या याद्या तपासत असतं. हे गुपित नाही. शिकवणाऱ्यांना माहीत आहे, ऑफिसातल्या साहेबांना माहीत आहे, घरच्यांना तर आहेच. सत्र संपत आलं की रकाने भरले जातात, पंचाहत्तर टक्क्यांची रेघ ओलांडली जाते आणि परीक्षेचा फॉर्म सुटतो.

या पत्रकात आमची तक्रार एकच आहे. जो मुलगा किंवा जी मुलगी उद्या दुसऱ्याचा ताळेबंद तपासून 'सत्य व वाजवी' म्हणून सही करणार, त्याच्या-तिच्या आयुष्यातली पहिली खोटी नोंद आपण सगळे मिळून करून घेतो आहोत. आणि ज्या कामाची खरी नोंद करता आली असती, ते काम कुठल्याच वहीत चढत नाही.

"एवढं असेल तर कॉलेज सोडा, नोकरी करा," असं सांगणारे शहाणे गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हिशेबाच्या धंद्यात सही करण्याचा अधिकार मिळवायला आपल्या भागात दोन वाटा आहेत. एक सीएची. १९४९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेच्या या वाटेवर फाउंडेशनमधून गेलं तर पदवी लागत नाही, हे खरं. पण फायनल अडकली तर हातात काय राहतं? बारावीचा दाखला. फाउंडेशन टाळून थेट इंटरमिजिएटला बसायचं तर कॉमर्सच्या पदवीत ५५ टक्के लागतात.

दुसरी वाट आपल्या मातीतली. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा पदविका. ती मिळवून, अनुभव घेऊन नामतालिकेवर नाव लागलं की माणूस सोसायट्या आणि पतसंस्थांचं ऑडिट करू शकतो. या प्रमाणित लेखापरीक्षकाची व्याख्याच सहकार कायद्यात अशी आहे: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, जी.डी.सी. अँड ए. आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान. मराठी आमच्याकडे आहे. पदविकेचा अभ्यास आम्ही रात्री करू. अडतंय ते पदवीवर. ज्या तालुक्यात सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था आणि पतसंस्था नाही असं गाव शोधून सापडणार नाही, तिथे ऑडिटरची टंचाई पडायची आणि आमच्या पोरांनी जन्मभर 'क्लार्क' म्हणून त्याच ऑडिटरला व्हाउचर काढून द्यायची, हा उलटा कारभार आहे.

आता वेळापत्रक बघा. विद्यापीठाचं पहिलं सत्र दिवाळीच्या आगेमागे परीक्षेला येतं. आमच्याकडे तेव्हा काय चालू असतं? ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभाही त्याच तारखेच्या आत. त्या धावपळीतून मान वर काढावी तोवर कारखान्यांची धुराडी पेटतात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची असते. ती वेळेत मिळते की नाही, यावर जयसिंगपूरची ऊस परिषद दरवर्षी बोलते, त्यात आम्ही पडत नाही. पण याद्या मात्र आम्हालाच कराव्या लागतात. दुसऱ्या सत्राची परीक्षा मार्च-एप्रिलला, म्हणजे ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या मानगुटीवर. शिवाय दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीला वाहिलेली. हिशेब शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक हिशेबाच्या वर्षाशीच भांडतं, आणि हे कुणाला खटकत नाही!

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण, करणाऱ्यांची गोष्ट आणखी मजेशीर. पदवी करायची तर सीए संस्थेची परवानगी लागते, त्यासाठी ११२ क्रमांकाचा फॉर्म. कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेवर येत नाही, अशी हमी त्यात हवी. सकाळचं कॉलेज असेल आणि मुलगा जयसिंगपुरातच राहत असेल तर ही हमी खरी असू शकते. पण दानवाड, खिद्रापूर, राजापूर, आलास, बुबनाळ इथून निघणाऱ्या मुलीने पहाटेची एसटी धरायची, साडेसातचं लेक्चर गाठायचं, अकराला इचलकरंजीत किंवा कोल्हापुरात टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळी शेवटची गाडी चुकू द्यायची नाही. हे कागदावर जमतं. रस्त्यावर जमवून बघा. जिथे कॉलेज भरदुपारी भरतं तिथे तर एकाच मुलीच्या नावाने दोन कागद निघतात: एक म्हणतो ती ऑफिसात होती, दुसरा म्हणतो वर्गात होती. ऑडिटरच्या नजरेतून बघितलं तर यातला एक कागद खोटा आहे. कुठला, ते सांगायची कुणाची तयारी आहे?

यावर उपाय आधीपासून सरकारच्या कपाटात पडून आहे, म्हणून तर राग येतो. आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. पदवी आता क्रेडिटमध्ये मोजतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. वर्गातल्या तासांचा एक क्रेडिट पंधरा तासांचा, प्रत्यक्ष कामाचा किंवा इंटर्नशिपचा एक क्रेडिट तीस तासांचा. ऑन जॉब ट्रेनिंगला राज्याच्या आराखड्यात ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास.

आता आमच्या पेशाला शोभेल असा एक हिशेब करू. आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. आठवड्याला ३५ तास काम. रजा, परीक्षा, सणवार वजा करून वर्षाचे फक्त ४० आठवडे धरा. वर्षाला १,४०० तास, दोन वर्षांचे २,८००. तीसने भागा. ९३ क्रेडिट होतात. विद्यापीठ त्यातले ४ मोजणार, ते आमचं काम साडेतीन आठवड्यांत पुरं होतं. बाकीचं काम गेलं कुठे? आमच्या ऑफिसात एवढी रक्कम तेरजेत जुळली नाही तर रात्री घरी सोडत नाहीत.

आम्ही ९३ मागत नाही. आम्हाला अर्थशास्त्र शिकायचं आहे, कंपनी कायदा शिकायचा आहे, मराठी धड लिहायला शिकायचं आहे. वर्गातून जे मिळतं ते ऑफिसात मिळत नाही, हे आम्ही इतर कुणाहीपेक्षा चांगलं जाणतो, कारण तिथे नसल्याचा तोटा आम्हीच भोगतो. आमची मागणी २४ क्रेडिटची आहे: ७२० तासांचं काम, तपासून, तोंडी परीक्षा घेऊन, पदवीत जमा करावं. उरलेले ९६ आम्ही रीतसर कमावू.

हे बेकायदा आहे का? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात लिहिलं आहे की कामाच्या अनुभवातून आलेलं शिक्षण मूल्यमापन करून क्रेडिटमध्ये धरता येतं. क्रेडिट साठवायची बँक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून आहे. खातं उघडून घेतलंय, पण त्यात आमचं काम भरायला खिडकीच नाही. इग्नूने तर यापूर्वी सीए संस्थेशी करार करून सीएच्या विद्यार्थ्यांसाठी बी.कॉम. चालवला आणि त्यात सीएच्या अभ्यासाला जागा दिली. दिल्लीला जमलं ते कोल्हापूरला न जमण्यासारखं यात काय आहे?

परदेशाचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे काहींना पटत नाही, म्हणून तेही सांगतो. अमेरिकेत सीपीएचं, म्हणजे तिथल्या सीएचं, लायसन्स मिळवायला १५० क्रेडिट तासांची अट होती. फ्लोरिडाने ती १९८३ साली आणली, मग बाकी राज्यं तिच्या मागोमाग गेली. चार वर्षांच्या पदवीवर आणखी वर्षभराची फी आणि तेवढीच कमाई बुडालेली, त्यामुळे नोकरी करणारी मुलं या पेशापासून लांब राहू लागली. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा अशी वाट खुली केली, आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही तेच केलं. त्यांना शहाणपण यायला चाळीस वर्षं लागली. आपण तेवढी वाट पाहायची का?

"मुक्त विद्यापीठ आहे की!" आहे, आणि त्याला आमचा नमस्कार आहे. १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं नसतं तर आपल्या तालुक्यातल्या किती सुना आणि किती कंडक्टर पदवीधर झाले असते? तिथली पदवी रेग्युलरच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं. तरी नोकरीच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बैठकीत 'एक्स्टर्नल का?' हा प्रश्न येतोच. हा प्रश्न विचारणाऱ्यांना आमची विनंती: समोरच्याच्या रेग्युलर पदवीतली हजेरी किती खरी होती, तेही कधीतरी विचारा. बाकी मुक्त विद्यापीठानेही आमच्या ऑफिसातल्या तासांकडे बघावं, हे मागणं त्यांच्याकडेही आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. उद्या अनुभवाचे दाखलेही खोटे निघतील. मालक सही करील, पोरगं घरी बसेल. मान्य, धोका आहे. पण हजेरीपटावर आज कुणाची तपासणी नाही, कामावर मात्र करता येते. केलेल्या कामाची वही ठेवा: कुठल्या महिन्यात कुठलं काम, बँक मेळपत्रक किती, कुठल्या प्रकारच्या संस्थेचं ऑडिट, कुठे चूक सापडली. नावं झाका, आकडे झाका, पण कामाची रीत लिहा. मग प्राध्यापक आणि बाहेरचा एक सीए किंवा प्रमाणित लेखापरीक्षक यांनी समोर बसवून अर्धा तास विचारावं. ज्याने किर्द-खतावणी खरोखर केली आहे आणि ज्याने केलेली नाही, यातला फरक तिसऱ्या प्रश्नाला कळतो. आमच्यातला कुणी खोटं बोलून पकडला गेला तर त्याला नापास करा, आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

मालक मंडळींना वेगळं सांगायचं आहे. सीए साहेब, पतसंस्थेचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, तुम्हाला शिकलेलं माणूस हवं असतं, पण ते तुमच्या वेळेत शिकलेलं नको असतं. परीक्षेच्या आधी रजा मागितली की 'सीझनमध्ये?' असं विचारता. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म पलीकडच्या कुंभोजचा, जयंतीला तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता आणि कमवा-शिकाबद्दल भाषणही करता. मग पगाराच्या रजिस्टरला आमचं नाव खरं लावा, कामाचा दाखला वेळेवर द्या, आणि परीक्षेच्या दिवसांची रजा उपकार म्हणून नको, ठरलेली म्हणून द्या. कॉलेजांनी संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी वर्ग भरवले तर आम्ही येऊ. एसटीची वेळ बघून भरवा, एवढंच.

क्रेडिटचा निर्णय कॉलेजच्या हातात नाही. तो शिवाजी विद्यापीठाच्या वाणिज्य अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत जातो. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून माणसं निवडून जातात आणि मतं मागायला जयसिंगपूर, कुरुंदवाडपर्यंत येतात. पुढच्या वेळी आले की चहा द्या आणि हा एकच प्रश्न विचारा. ज्यांनी पदवीधर म्हणून नाव नोंदवलेलं नाही, त्यांनी आधी ते नोंदवा.

तोवर प्रत्येकाने एक अर्ज करावा. प्राचार्यांच्या नावे, प्रत कुलसचिवांना. अर्जात उघड लिहा: मी अमुक ठिकाणी, अमुक वेळेत नोकरी करतो किंवा करते. माझ्या कामाचे तास राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याप्रमाणे तपासून पदवीत धरावेत. वर्ग माझ्या कामाच्या वेळेबाहेर असावेत. तोंडी उत्तर घेऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत फाईलला लावून ठेवा.

आपले,
शिरोळ तालुक्यातील नोकरी करत शिकणारे काही जण