कबुतरांचा वाद, फुप्फुसांच्या बाजूने

दादरच्या कबुतरखान्याभोवती २०२५च्या ऑगस्टमध्ये जे घडले, ते बहुतेक वाचकांना आठवत असेल. उच्च न्यायालयात प्रकरण सुरू होते. महापालिकेने कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि दाणे टाकणाऱ्यांकडून दंड वसूल करायला सुरुवात केली. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. आठवड्याभरात बंदीच्या बाजूचे लोकही त्याच चौकात उतरले. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला. पुढे पालिकेने शहरात चार ठिकाणी, सकाळी ठरावीक वेळेतच दाणे घालायला परवानगी दिली, तेव्हा त्यातल्या काही भागांतून ‘मग आमच्याच दारात का?’ हा सवाल आला.

मुंबईतला हा वाद सोसायट्यांच्या सभांमध्ये मात्र ठाण्यापासून नागपूरपर्यंत कुठेही ऐकू येतो. एका मजल्यावर सकाळी मूठभर ज्वारी खिडकीत पडते आणि खालच्या मजल्यावरची बाई वाळत घातलेले कपडे पुन्हा धुते. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात. आम्हा डॉक्टरांना या भांडणात साक्षीला बोलावले जाते, पण एका वाक्यापुरते. एका बाजूला ‘कबुतरांमुळे फुप्फुसे निकामी होतात’ एवढेच हवे असते, दुसऱ्या बाजूला ‘सगळ्यांना होत नाही’ एवढेच. दोन्ही वाक्ये खरी आहेत. अडचण अशी की दोन्ही अर्धी आहेत.

आजार नेमका काय आहे

कबुतरांमुळे होणाऱ्या ज्या आजाराची चर्चा होते, त्याचे वैद्यकीय नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. हा जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कबुतराच्या पिसांवर पिठासारखी बारीक पूड असते. त्याच्या वाळलेल्या विष्ठेतही प्रथिने असतात. ही धूळ श्वासावाटे फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचते. काही माणसांची प्रतिकारशक्ती तिला शत्रू समजते आणि तिथे सूज येते. संपर्क चालू राहिला तर सूजही राहते आणि काही वर्षांत फुप्फुसाच्या मऊ जाळीत व्रण पडून ती ताठर होत जाते. हे व्रण, म्हणजे फायब्रोसिस, औषधाने भरून येत नाहीत. औषधांनी त्यांचा वेग कमी करता येतो, एवढेच.

अशा रुग्णाची वाटचाल बहुधा ठरलेली असते. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप. कुणी दम्याचा पंप देतो, कुणी थुंकीत जंतू नसतानाही टीबीचे उपचार सुरू करतो. वजन उतरते, बोटांची टोके गोल फुगीर होतात. सीटी स्कॅन होईपर्यंत दोन-तीन वर्षे गेलेली असतात. या सगळ्या काळात घराच्या डक्टमध्ये, एसीच्या मागे किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात कबुतरांचे घरटे आहे का, हे कुणी विचारलेलेच नसते.

उशिरा आलेल्या रुग्णाला घरी ऑक्सिजनचे यंत्र लागते. चाळीतल्या एका खोलीत ते यंत्र रात्रंदिवस घुमत राहते आणि विजेचे बिल महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करू लागते.

विरोधकांना सांगायचे ते

कबुतरांच्या संपर्कात आलेल्यांपैकी बहुतेकांना हा आजार होत नाही. आनुवंशिकता, धुळीचे प्रमाण आणि संपर्काचा काळ या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. रक्तातल्या तपासणीत कबुतराविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आढळले, तर त्याचा अर्थ संपर्क आला आहे, इतकाच. आजार आहे की नाही, हे लक्षणे, सीटी स्कॅन आणि फुप्फुसांच्या चाचण्या एकत्र पाहून ठरते. प्रयोगशाळेचा तो कागद फडकवून शेजाऱ्यावर आरोप करता येत नाही.

दुसरे असे, की या आजाराला कबुतर हे एकमेव कारण नाही. देशातल्या २७ केंद्रांनी मिळून १,०८४ रुग्णांची नोंद केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या जाळीचे जे आजार आहेत, त्यांत सुमारे ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होता. त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरी एअर कूलर होता. पक्ष्यांशी संबंध आलेले त्याहून कमी होते. कूलरच्या ओल्या गवतात वाढणारी बुरशीही फुप्फुसाला तितकीच छळते. कबुतरांविरुद्ध निवेदन देणाऱ्या सोसायटीने आपल्या घरचे कूलर आणि ओल धरलेल्या भिंतीही एकदा पाहाव्यात.

तिसरे, या प्रश्नाला एका समाजाविरुद्धचे हत्यार बनवू नये. जैनांमध्ये जीवदया हे मूल्य खोल आहे, पण दाणे घालणारे फक्त जैन नाहीत. ग्रहशांतीसाठी, पितरांच्या नावाने किंवा निव्वळ सवयीने दाणे टाकणारी माणसे सर्व समाजांत आहेत. आमच्या ओपीडीत धाप लागून येणाऱ्यांमध्येही वर्षानुवर्षे श्रद्धेने दाणे घातलेली माणसे असतात. सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा संपर्क त्यांचाच असतो.

समर्थकांना सांगायचे ते

‘इतकी वर्षे कबुतरखाने होतेच की, तेव्हा कुणी आजारी पडले नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. पूर्वी सीटी स्कॅन सहज होत नव्हते आणि असे रुग्ण दमा किंवा टीबी या नावाखाली जात. कबूतरपालकांमध्ये हा आजार असल्याचे वैद्यकशास्त्राला १९६०च्या दशकापासून माहीत आहे. शिवाय वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. निरोगी माणसाला तिचा सहसा त्रास होत नाही, पण एचआयव्हीबाधित किंवा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला तिच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो.

‘दाणे बंद केले तर कबुतरे उपाशी मरतील’ ही भीती मनापासूनची असते. पण शहरी कबुतराचे जीवशास्त्र वेगळे सांगते. हा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी आहे. आपल्या इमारती त्याला कडेच वाटतात. मुबलक दाणे मिळाले की तो बाराही महिने पिल्ले काढतो. एका वेळी दोन अंडी, साधारण अठरा दिवसांत पिल्ले, आणि वर्षातून अनेकदा. म्हणजे आपण टाकलेल्या दाण्यांनी भुकेल्या पक्ष्याचे पोट भरते, तशीच पुढच्या हंगामातली गर्दीही वाढते. गर्दीत पिल्लांमध्ये रोग पसरतात आणि मरही मोठी होते. याला दया म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराचा अनुभव दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी संख्या घटली नाही. जेवढी मेली, तेवढी जागा नव्या पिल्लांनी भरली. १९८८ पासून मार्ग बदलला. दाणे घालणे का थांबवावे, हे लोकांना समजावून सांगितले आणि काही देखरेखीखालची खुराडी ठेवून तिथली अंडी काढून घेतली. सुमारे चार वर्षांत कबुतरे जवळपास निम्मी झाली. एकही पक्षी न मारता संख्या कमी करता येते, आणि त्याची चावी दाण्यांच्या पिशवीत असते. जीवदया मानणाऱ्याला याहून अहिंसक उपाय कोणता सुचवायचा?

ज्यांना कुणी विचारत नाही

या वादात दोन बाजू भरपूर बोलल्या. न बोललेली तिसरी बाजूही आहे. पहाटे कबुतरखान्यातली वाळलेली विष्ठा खरवडणारा कंत्राटी सफाई कामगार, कडेला दिवसभर बसून दाण्याच्या पुड्या विकणारी बाई, समोरच्या जुन्या इमारतीतली, घर बदलण्याची ऐपत नसलेली विधवा. तोंडाला साधा रुमाल बांधून कोरड्या विष्ठेला झाडू मारणे म्हणजे ती धूळ स्वतःच्या फुप्फुसात भरणे होय. दाणे विकणाऱ्या बाईची रोजीरोटी बंद करताना तिच्यासाठी दुसरी जागा बघणे हाही आरोग्याच्याच धोरणाचा भाग आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दाट वस्तीत, शाळा-रुग्णालयांच्या आसपास आणि इमारतींच्या खिडक्या-गच्च्यांवर दाणे घालणे थांबले पाहिजे. ज्याला धोका पत्करायचा आहे, तो त्याने स्वतःच्या श्वासापुरता पत्करावा. शेजाऱ्याचा श्वास त्याच्या मालकीचा नाही. मात्र हे एका रात्रीत ताडपत्री टाकून होणारे काम नाही. दाण्याचे प्रमाण काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे, वस्तीपासून लांबच्या मोजक्या जागा ठेवाव्यात, तिथे रोज पाणी मारून ओली सफाई व्हावी आणि कामगारांना एन-९५ मास्क मिळावेत. या जागा निवडताना तिथल्या रहिवाशांना आधी विचारावे. एका वस्तीचा त्रास उचलून दुसऱ्या वस्तीत ठेवणे म्हणजे तोडगा नव्हे.

आमच्या क्षेत्राकडेही एक काम आहे. सरकारी व पालिका रुग्णालयांत दीर्घकाळ खोकला किंवा धाप असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर कबुतरे, कूलर, ओल आणि पिसांच्या उशा यांची एक ओळ सक्तीची करावी. वॉर्डनिहाय नोंद झाली, की न्यायालयात आणि सोसायटीच्या सभेत आवाजाऐवजी आकडे बोलतील.

तोवर घरच्या घरी करता येईल ते करा. खिडक्यांना व डक्टला जाळी लावा. घरटे काढायचे असेल तर आधी पाणी शिंपडा, एन-९५ मास्क लावा आणि दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला त्या दिवशी घराबाहेर ठेवा. घरटे गेले तरी धूळ महिनोन्‌महिने राहते, म्हणून ओल्या फडक्याने पुसत राहा. आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ कोरडा खोकला असेल, चढावर धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, ‘आमच्या खिडकीत कबुतरे बसतात.’ त्या एका वाक्याने निदान दोन वर्षे आधी होऊ शकते, आणि या आजारात दोन वर्षांत फुप्फुसाचे बरेच काही वाचते.